तगरपुराचा पत्ता



   वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा अध्यक्षानं घेण्याची आपल्या परिषदेची प्रथा आहे. निजामकाळातली महसुली कागदपत्रं, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आणि गावोगावच्या बारवा या विषयांत तरुण मंडळी नेटानं काम करत आहेत. त्यांचे निबंध उद्या आपण ऐकणारच आहोत, म्हणून आढावा इथंच थांबवतो. तीस वर्षं मनात धरलेली एक गोष्ट मला आज बोलायची आहे.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हापासून देशात कुठंही लातूरचं नाव काढलं की लोक पाण्याच्या गाडीबद्दल विचारतात. ती तहान खरी होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याविषयी. आपणही आपला इतिहास कोरडा मानून बसलो. समुद्र कोकणाचा, जहाजं कोकणाची. आपल्या वाट्याला लेणी, संत आणि दुष्काळ. हे मला कधीच पटलं नाही.

सन 1787 मध्ये ठाण्यात खोदकाम चालू असताना एक ताम्रपट निघाला. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याचा तो 1017 सालचा. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं ज्या घराण्याच्या हातात, त्याचा हा राजा. आणि तो स्वतःला काय म्हणवतो? तगरपुरपरमेश्वर. कोल्हापूरचे शिलाहारही स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत. हे तगर कुठलं, यावर शंभर वर्षं खल झाला. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, डॉ. भांडारकरांनी धारूर सुचवलं. 1901 मध्ये फ्लीट यांनी निर्णय दिला : तगर म्हणजे तेर. आपलं तेर, तेरणेच्या काठचं, संत गोरोबाकाकांचं. या मांडवातून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे.

तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या चर्चासत्रात मी यावर निबंध वाचला. नांदेडहून रात्रभर एसटीनं गेलो होतो. चौथ्या पानावर मला थांबवण्यात आलं. बिरुदं पोकळ असतात, सामंत लोक काहीही म्हणवून घेतात, तेरमध्ये शिलाहारांचा एक तरी लेख दाखवा, असं मला ऐकवलं गेलं. सभागृह हसलं. मी निबंधाची घडी केली आणि परत आलो. तो अपमान मी विसरलो असतो. पण तेच वाक्य पुढं आपल्याच माणसांच्या पुस्तकांत मी वाचत आलो, म्हणून विसरू शकलो नाही.

त्याचं उत्तर मला ठाण्यात मिळालं. काही वर्षांपूर्वी देवगिरी एक्स्प्रेसनं पहाटे ठाण्याला उतरलो, अंबरनाथचं शिलाहारांचं देऊळ पाहायला निघालो होतो. रिक्षावाला पंचविशीचा. माझ्या बोलण्याचा हेल ऐकून त्यानंच विचारलं, ‘काका, आपल्याकडचे का?’ मी गाव विचारलं. म्हणाला, ‘किल्लारी. जुनी किल्लारी.’ हा मुलगा भूकंपानंतर जन्मलेला, तोही ठाण्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ते गाव मातीला मिळालं, नवं गाव दुसरीकडं वसलं. त्याच्या घरातली वाचलेली माणसं त्या वर्षीच मुंबईकडं निघून गेली. आणि तो मला सांगत होता, ‘आमचं माळवद होतं. दारात लिंब होता.’ त्यानं ते माळवद पाहिलेलं नाही. त्याच माळवदाखाली त्याची आजी गेली. सरकारदरबारी त्याचा पत्ता कळव्याचा, तरी कुणी घराणं विचारलं की तो जुनी किल्लारी सांगतो. मी त्याला पोकळ म्हणू?

मित्रहो, शिलाहारांनी तेरवर राज्य केलं असं मी म्हणत नाही, कधीच म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की बिरुद हा घराण्यानं जपलेला पत्ता असतो. राष्ट्रकूटांनी कपर्दीला कोकणात नेमलं ते इसवी सन 800 च्या सुमारास. तेव्हापासून साडेचारशे वर्षं हे लोक खाऱ्या वाऱ्यात राहिले आणि दानपत्रांत तेरणाकाठच्या गावाचं नाव कोरत राहिले. तेर त्याआधीच मोठं होतं. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी लिहून गेला आहे, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात येते. तेरच्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू पाहा. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या राखेखालून निघाली. या गावाला समुद्र माहीत नव्हता असं कोण म्हणेल?

तेरबद्दल इतकं. आता या शहराबद्दल. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष 866 च्या शिरूर लेखात स्वतःला लट्टलूरपुराचा अधीश्वर म्हणवतो. लट्टलूर म्हणजे हे लातूर. त्याच्या मुलानं, दुसऱ्या कृष्णानं, संजाण बंदराचा कारभार एका अरब मुसलमानाकडं दिला होता. मुहंमद या नावाचं लेखात ‘मधुमती’ झालं आहे. चिंचणीच्या 926 च्या ताम्रपटात त्याची हकीकत आहे. त्यानं खाडीवर विनामूल्य नावा ठेवल्या, अन्नछत्र उघडलं आणि तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप मिळायचं. लातूरचं नाव सांगणाऱ्या घराण्याचा हा बंदरी कारभार! आपल्यापैकी किती जण हे वर्गात शिकवतात?

973 मध्ये राष्ट्रकूटांचं राज्य बुडालं. चोवीस वर्षांनी, 997 मध्ये, शिलाहार अपराजितानं भिवंडीजवळच्या भादाणे गावाचं दानपत्र दिलं. त्यात आपल्या घराण्याआधी तो राष्ट्रकूटांची वंशावळ सांगतो आणि रट्टांचं, म्हणजे राष्ट्रकूटांचं, राज्य आता आठवणीपुरतं उरलं म्हणून हळहळतो. सत्ता गेलेल्या धन्यासाठी कुणी तांब्यावर अश्रू कोरत नाही. अपराजितानं ते केलं. लातूरचं सुतक भिवंडीत पाळलं गेलं, तेही मीठ-मासळीच्या मुलखात.

या घराण्यांचं समुद्राशी नातं नावापुरतं नव्हतं. दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजानं 1008 च्या खारेपाटण ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण देवस्थानाला लावून दिला. उत्तरेच्या अनंतदेवानं 1094 मध्ये आपल्या अमात्यांच्या जहाजांना ठाणे, नागपूर, सोपारा आणि चौल बंदरांत जकात माफ केली. हे नागपूर किनाऱ्यावरचं, विदर्भातलं नव्हे. जकात, माफी, इनाम हे सगळं आपल्या महसुली दप्तरांसारखंच, फक्त गाडीच्या जागी गलबत.

शिलाहारांच्या नावांत कानडी छटा आहे, तेव्हा ते मूळ कर्नाटकातले, तेरचे नव्हेत, असा एक पक्ष आपल्यातही आहे. माझी आजी उदगीरकडची. चुलीपाशी ती कानडी बोलायची, शेतात मराठी आणि दारात आलेल्या बैराग्याशी दखनी. ती कुठली, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. माझ्या लेखी तो वाद तिथंच मिटला.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही अशी घराणी होऊन गेली. 1164 मध्ये मारला गेलेला सोमरलेड त्यांचा मूळपुरुष, मॅकडोनाल्ड हे त्याचे वंशज. वल्ह्यांच्या होड्यांवर त्यांनी बेटांमागून बेटं राखली आणि 1493 मध्ये राजानं त्यांची सत्ता काढून घेतली. हे गेलिक दर्यावर्दी आपलं कूळ समुद्रापलीकडच्या आयर्लंडच्या जुन्या राजांपर्यंत नेत. त्यांची सभा भरे ती फिनलॅगनला, गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या बेटावर. ते वाचताना मला कंधारचा जगत्तुंगसागर तलाव आठवला. समुद्रावर राज्य करणाऱ्यांना जमिनीवरचं एक गाव लागतं, हे जगभर खरं आहे.

शिलाहारांची शेवटची लढाई आठवा. देवगिरीचा महादेव यादव आणि शेवटचा शिलाहार सोमेश्वर. 1265 च्या आसपास दोघांची गाठ पडली आणि सोमेश्वर जहाजांसह समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा अर्थाचं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ उभे आहेत. एका शिळेवर वल्ह्यांच्या रांगा, डोलकाठ्या आणि खाली पाण्यात पडणारी माणसं दिसतात. ती याच लढाईची की आधीच्या, यावर दुमत आहे. पण त्या शिळेवर हात ठेवून मी उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात एकच आलं. आरमार घेऊन आलेला देवगिरीचा, बुडालेला स्वतःला तगरचा म्हणवणारा. ती लढाई अरबी समुद्रात झाली, पण दोन्ही बाजूंना मराठवाडा होता. आणि मराठवाड्याच्या इतिहासात तिला दोन ओळी मिळतात.

आता कामांबद्दल. मराठवाड्यातल्या सगळ्या शिलालेखांचं एक मराठी संकलन हवं. पारावर पडलेल्या, धुण्याला लावलेल्या वीरगळांची नोंद हवी. तेर ते ठाणे ही जुनी गाडीवाट तरुणांनी पायी शोधावी. यासाठी समिती नेमावी, पैशाचं कार्यकारिणीनं बघावं. माझ्या हातून यातलं किती होईल, वय पाहता सांगता येत नाही.

एक मात्र होईल. उद्या समारोपानंतर मी तेरला जाणार आहे. मिराशींनी संपादित केलेल्या शिलाहार लेखांच्या जाड ग्रंथातली सगळी बिरुदं मी एका वहीत उतरवून घेतली आहेत. त्रिविक्रमाच्या देवळात बसून ती मोठ्यानं वाचायची आहेत, म्हणजे साडेचारशे वर्षं जे लोक समुद्रावरून या गावाचं नाव घेत राहिले, त्यांचा आवाज एकदा तरी या गावात ऐकू येईल. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं.