खिम्याची मॅकरोनी आणि रात्रीची पंगत

(महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या महिला-मेळाव्यातील भाषण)



माझ्यासारख्या नोकरी करून घर सांभाळणाऱ्या सामान्य स्त्रीने आज ह्या व्यासपीठावर उभे राहावे, अशी मंडळाच्या भगिनींनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. महोत्सवी वर्षात श्रद्धा, शिक्षण, सेवा अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली; त्यांच्या मागोमाग चुलीवरच्या पातेल्याविषयी काय बोलावे? परंतु विचारांती असे वाटले की, ज्या घरात रात्री चार माणसे एका ठिकाणी जेवावयास बसत नाहीत, त्या घरात हे थोर विषय निघावयाचे तरी केव्हा? म्हणून कामाच्या दिवशी, दमून घरी आल्यावर, पाऊण तासाच्या आत पाच माणसांना पुरेल अशी सायीची, झणझणीत खिम्याची मॅकरोनी कशी सिद्ध करावी, एवढाच विषय मी आज आपणापुढे मांडणार आहे.

आपला हा प्रदेश पूर्वी शेती, वाड्या आणि मासेमारी ह्यांवर जगणारा. १९६९ साली तारापूर येथे भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या. आणि २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ह्या स्थित्यंतरांनी पुष्कळांच्या घरी अन्न आणले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु त्यांनीच जेवणाची वेळ हिरावून नेली, हेही तितकेच खरे. कोणी पहिल्या पाळीला, कोणी रात्रपाळीला, कोणी लोकलमध्ये उभे, तर कोणी शिकवणीच्या वर्गात.

आमच्या घरी असेच होते. मी सायंकाळी साडेसातला घरी पोहोचत असे, आणि यजमान रात्रपाळीसाठी साडेनऊला बाहेर पडत. मधले दोन तास काय ते आमचे. परंतु त्या दोन तासांत मी भाकरी थापीत असे, सासूबाई आपले ताट घेऊन लवकर जेवून घेत, यजमान उभ्याउभ्याच काही खात, आणि मुले दुकानातून आणलेले पुडके फोडीत. एके रात्री धाकट्याने मला विचारले, "आई, आपण सगळे फक्त रविवारीच का एकत्र जेवतो?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी ठरविले की, एकाच भांड्यात होणारे, भाकरी-पोळीची अपेक्षा न ठेवणारे आणि मुलांनाही आवडणारे काही तरी शिकावयाचे.

पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला, हे प्रांजळपणे सांगते. मांसाचे तुकडे चामड्यासारखे चिवट राहिले. फ्रिजमधली थंडगार साय उकळत्या टोमॅटोत ओतल्यामुळे फाटली आणि तिचे कण कण झाले. मॅकरोनीचा लगदा झाला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, शेवया तिखट करावयाच्या तर करा, पण मांस तरी शिजू द्यावे." यजमान अर्धपोटी कामावर गेले. त्या तीन चुकांची कारणे मी पुढे शोधून काढली, आणि आजचे माझे सारे सांगणे त्या तीन कारणांतच आहे.

प्रथम मांसाविषयी. गोवधास आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी झाली, आणि २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू ह्यांच्या वधासही बंदी झाली. तेव्हा आज महाराष्ट्रात प्रामाणिकपणे ज्यास आपण बीफ म्हणतो, ते म्हशीचे मांस होय. आणि ते परवाना असलेल्या, ओळखीच्या दुकानातूनच घ्यावे. जुन्या पाककृती बैलाच्या मांसास अनुसरून लिहिलेल्या असतील, तर हा फरक ध्यानात ठेवणे अवश्य आहे. म्हशीचे मांस रंगाने गडद, चरबीने कमी आणि धाग्याने भरड असते; जनावर वयस्क असेल तर अधिकच. त्याचे तुकडे मऊ व्हावयास मंद आचेवर पुष्कळ वेळ लागतो, कारण स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट तंतूंस विरघळण्यास तेवढा अवधी हवा. तो अवधी रविवारी असतो, बुधवारी नसतो. म्हणून बुधवारी खिमा. यंत्राने धागे आधीच तोडलेले असल्यामुळे तो वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतो. खिमा दोनदा काढून घ्यावा, आणि अगदी कोरडा असेल तर थोडी चरबी त्यात मिसळून मागावी.

मात्र येथे एक दक्षता सांगितलीच पाहिजे. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर जे रोगजंतू असतात, ते खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा अर्धकच्चा कधीही खाऊ नये, आणि आणल्यावर ओट्यावर ठेवून देऊ नये. त्याच दिवशी करावयाचा नसेल तर पाव-पाव किलोचे चपटे पुडे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. सकाळी कामावर जाताना एक पुडा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवला की सायंकाळी तो सुटलेला असतो.

दुसरी गोष्ट मसाल्याची. मुंबई, साष्टी, वसई ह्या भागांतील ज्या कॅथॉलिक समाजाने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले, त्याच्या घराघरांत उन्हाळ्यात कुटला जाणारा बाटली मसाला आपणांपैकी अनेकींना ठाऊक आहे. मिरच्या, धने, जिरे, हळद, मोहरी, तीळ, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी असे वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवून, निरनिराळे भाजून, कुटून तो बाटल्यांत दाबून भरतात. पुष्कळ घरी त्यात भाजलेले गहू व चणेही घालतात. घाईच्या स्वयंपाकास ह्यासारखा सोबती नाही. वर्षाचे कष्ट एका उन्हाळ्यात उरकलेले असतात. रोज फक्त चमचा बुडवावयाचा. शिवाय त्यातील गहू-चण्यांचे पीठ रस्सा बांधून धरते. परंतु तो आधीच भाजलेला असल्यामुळे कडकडीत तेलात टाकल्यास क्षणात करपतो आणि सारे जेवण कडू होते. म्हणून दोन चमचे पाण्यात कालवून मगच तो भांड्यात घालावा. ज्यांच्याकडे हा मसाला नसेल, त्यांनी आपल्या घरचा रोजचा तिखट मसाला घ्यावा आणि चमचाभर कणीक भाजून त्यात मिसळावी.

कोणी म्हणेल की, मॅकरोनी हे परकीय अन्न. होय, मॅकरोनी इटलीची. परंतु जी मिरची आज आपल्या प्रत्येक कालवणात आहे, ती मूळची अमेरिकेतली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ह्याच पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १७३९ साली तारापूरचा किल्ला व वसई मराठ्यांनी घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल संपला. मिरची मात्र राहिली. जे आपल्या चुलीवर रुळले ते आपले.

तिसरी गोष्ट सायीची. साय फाटते ती दोन कारणांनी : एक आंबटपणा आणि दुसरे तीव्र उष्णता. दुधातील प्रथिने ह्या दोहोंच्या माऱ्यात एकत्र गोळा होतात आणि पाणी वेगळे पडते. म्हणून टोमॅटो आधी पूर्ण शिजवून त्यांचे तेल सुटू द्यावे. मग आच अगदी मंद करावी. आणि साय घोटून, मॅकरोनी शिजविलेल्या कोमट पाण्याचा एक डाव तीत मिसळून, तिला आधी उबदार करून घ्यावे. ह्या पाण्यात गव्हाचा स्टार्च उतरलेला असतो. तो सायीचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. पूर्वी हे पाणी मी मोरीत ओतून देत असे. आता ते पेलाभर राखून ठेवल्यावाचून मी मॅकरोनी गाळीत नाही.

आता प्रत्यक्ष कृती ऐकावी. पाच माणसांस अर्धा किलो खिमा, पाव किलो मॅकरोनी, दोन मोठे कांदे, तीन पिकलेले टोमॅटो, एक ढोबळी मिरची, आले-लसणाचे वाटण एक मोठा चमचा, बाटली मसाला दोन लहान चमचे, घोटलेली साय अर्धी वाटी, तेल दोन मोठे चमचे आणि चवीपुरते मीठ.

घरी येताच, हातपाय धुण्यापूर्वी, मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी आचेवर ठेवावे. दुसऱ्या शेगडीवर पसरट कढई तापत ठेवावी. कढई चांगली तापली की तेल घालून खिमा पसरावा आणि तीन-चार मिनिटे त्यास हात लावू नये. येथे उतावीळपणा नडतो. सारखे ढवळल्याने कढई निवते, मांसाचे पाणी सुटते आणि खिमा भाजण्याऐवजी पाण्यात उकडतो. पाणी आटून तळाशी तांबूस रंग आला, म्हणजे उलथावा. सारी चव त्या तांबूसपणात आहे. मग बारीक चिरलेला कांदा घालावा. तो मऊ झाला की आले-लसूण, पाण्यात कालवलेला मसाला, आणि मिनिटभराने टोमॅटो व मीठ. तळाशी चिकटलेले खरवडून घ्यावे, अर्धी वाटी पाणी घालावे आणि झाकण ठेवून वीस मिनिटे मंद शिजू द्यावे. खिमा फार भरड असेल तर कुकरला दोन शिट्ट्या द्याव्यात.

दरम्यान पाणी उकळले असेल. त्यात दोन लहान चमचे मीठ घालून मॅकरोनी सोडावी, आणि पुड्यावर जेवढी मिनिटे लिहिली असतील त्यांहून दोन मिनिटे आधी काढावी. उरलेले शिजणे रश्श्यात होते आणि त्या वेळी ती रस्सा पिते. पेलाभर पाणी राखून गाळावी. खिम्यात ढोबळी मिरचीचे तुकडे टाकून दोन मिनिटे परतावे, आच मंद करावी, उबदार केलेली साय घालावी, वर मॅकरोनी, आणि लागेल तसे राखलेले पाणी. सारे एकजीव होऊन दाण्यांवर तकाकी आली की आच बंद करावी. साय घातल्यावर उकळी येऊ देऊ नये, हे पुन्हा एकदा सांगते. वरून कोथिंबीर. घड्याळात पाहाल तर चाळीस मिनिटे.

सायीऐवजी नारळाचे दाट दूध घातले तर आपल्या मोयलीची आठवण होते. तेही शेवटी आणि मंद आचेवरच घालावे. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्यांनी खिम्याच्या जागी सोललेली कोलंबी घ्यावी. ती तीन-चार मिनिटांत होते, म्हणून टोमॅटो शिजल्यावर घालावी.

आणखी एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. आपल्या धर्मग्रामात वसईची कुटुंबे आहेत, आदिवासी बांधव आहेत, गोवा, मंगळूर, केरळ येथून नोकरीनिमित्त आलेले आहेत. आणि भिंतीपलीकडे हिंदू व मुसलमान शेजारी आहेत. ह्यांपैकी पुष्कळजण हे मांस खात नाहीत. पाहुण्यास वाढण्यापूर्वी विचारावे; आणि संकोच दिसला तर कोंबडीचा खिमा करावा, कृती तीच. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हाच प्रश्न हाताळला आहे : अन्नाने आपण देवाजवळ जात नाही, परंतु आपल्या खाण्याने भावास अडखळण होऊ नये, असे त्याचे तात्पर्य. पंगत जोडण्यासाठी केलेल्या जेवणाने कोणाचे मन तुटू नये.

भगिनींनो, दुसऱ्या प्रयत्नाच्या रात्री आम्ही पाचहीजण साडेआठला बसलो. धाकट्याने प्रार्थना म्हटली. यजमान दुसऱ्यांदा वाढून घेऊन, भरल्या पोटी कामावर गेले. सासूबाईंनी स्तुती केली नाही. परंतु दुसऱ्या दिवशी आपल्या पेटीजवळची मसाल्याची एक भरलेली बाटली त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. तोपर्यंत मसाला मी त्यांच्याकडून चमच्याने मागून घेत असे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला शेजारी बसवून कोणता जिन्नस किती भाजावा ते शिकविले, आणि मी ते वहीत उतरून घेतले. आज त्या आमच्यात नाहीत. पण ती वही आहे, आणि आता माझी मुलगी ती वाचून मसाला भाजते.

म्हणून माझी विनंती एवढीच. आठवड्यातून निदान एक कामाची रात्र निवडावी, त्या चाळीस मिनिटांचा हिशेब आधी मांडावा, कांदा चिरण्यास मुलांस आणि मॅकरोनी गाळण्यास यजमानांस बसवावे, आणि सर्वांनी एका वेळी जेवावे.