पत्रांचा गठ्ठा आणि वाडीची वाट



या व्याख्यानमालेत आपण काव्य ऐकले, इतिहास ऐकला. मी कामगार संघटनेत केस पांढरे केलेला आणि पाळी सुटल्यावर वाचून शिकलेला माणूस. माझा विषय साधा आहे. पोस्टमन बटवड्याला निघण्यापूर्वी पत्रे कशी लावतो, हा.

समजा, ६४ पत्रे आहेत आणि वाटेवर ८ वाड्या आहेत. नवखा माणूस एकेक पत्र उचलतो आणि आधी लावलेल्या ओळीत त्याची जागा शोधतो. अशा रीतीने जास्तीत जास्त २०१६ वेळा पत्राशी पत्र ताडावे लागते. जाणता माणूस आधी वाडीवार ८ ढीग करतो, मग प्रत्येक ढिगातली ८ पत्रे घरांच्या क्रमाने लावतो. ढिगात टाकणे ६४ वेळा आणि ताडणे फार तर २२४ वेळा, बेरीज २८८. तीच पत्रे, तेच हात, फरक रीतीचा.

या रीतीचे बारकावेही आहेत. सगळी पत्रे आधी एका तोंडाने करावीत. पत्ता खालून वर वाचावा: प्रथम पिन, मग गाव, मग वाडी, शेवटी नाव. अडलेले पत्र हातात धरून बसू नये. बाजूला ठेवावे आणि शेवटी त्याचा निकाल लावावा. सहीची टपाले वेगळी बांधावीत. ढिगांचा क्रम चालण्याच्या वाटेचा असावा, म्हणजे पहिले घर गठ्ठ्याच्या वर येते. शहरात चुकलेले पत्र चार पावले मागे नेते. डोंगरात तेच पत्र अख्खी चढण पुन्हा चढायला लावते.

पिनची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्याने आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा. शेवटचे तीन बटवड्याच्या कार्यालयाचे. महाडचा ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. पण पिन पत्र कार्यालयाच्या दारापर्यंत आणतो आणि तिथे थांबतो. पुढे वाडीत निम्म्या घरांचे आडनाव एकच, घरांना नंबर नाही. तिथून पुढचा नकाशा डाकसेवकाच्या डोक्यात असतो.

हे डोक्यातले ज्ञान किती मोलाचे, ते आपल्या महाड तालुक्यातल्या तळीये गावावरून समजून घ्यावे. २२ जुलै २०२१ रोजी तिथली कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशी वाडी उद्ध्वस्त झाली तरी तिच्या नावाची पत्रे येणे थांबत नाही. विम्याचे पत्र, बँकेचे पत्र, पेन्शनचा कागद यांवर जुनाच पत्ता असतो, आणि नेमका त्याच वेळी त्या कागदाचा माणसाला आधार हवा असतो. कोण तात्पुरत्या निवाऱ्यात आहे, कोण मुलीच्या सासरी गेले, हे कोणताही आकडा सांगत नाही. २०२५ साली सरकारने डिजिपिन आणला. त्याने चार मीटरांचा चौकोनही दाखवता येतो. चांगलेच झाले. पण चौकोन जमिनीचा असतो, पत्र माणसाचे असते.

आणि हे जाणणाऱ्या ग्रामीण डाकसेवकाला काय मिळते? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याचे पद नागरी पद आहे. तरीही तो नियमित सेवेच्या बाहेरच राहिला. २०१८ पासून त्याचे काम दिवसाला ४ किंवा ५ तासांचे धरले जाते. पायपीट दिसते, म्हणून ती मोजता येते. पण वाट पाठ होण्यात गेलेली वर्षे कोणत्या तासात बसवायची? अंगमेहनत म्हणून ज्याची बोळवण होते, त्यात बुद्धी आहे, हे आधी आपण मान्य केले तरच सरकारदरबारी ते मागता येईल.

आपल्याकडून दोनच मागणी. पत्ता लिहिताना वाडीचे नाव आणि पिन सुवाच्य लिहा. आणि डाकसेवक आपल्या मागण्या घेऊन रस्त्यावर बसलेला दिसला, तर त्याचे म्हणणे उभे राहून ऐका.