कात्रणांचं शहर

पॉल सित्रोएन हा डच चित्रकार जर्मनीत वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत शिकत होता. १९२३ साली त्यानं पोस्टकार्डं आणि छापील फोटोंतल्या इमारती कापून ‘मेट्रोपोलिस’ हे कोलाज केलं. इमारतीला इमारत खेटलेली. पाहताना जीव गुदमरतो, आणि मजा तीच!

तुम्हाला असं कोलाज करायचं असेल, तर रद्दीत सापडलेल्या मूळ फोटोला मात्र कात्री लावू नका. लहानमोठ्या झेरॉक्स काढा. झेरॉक्सची शाई ओल्या खळीनं फुटत नाही, इंकजेट प्रिंटची बहुधा पसरते. खळ पातळ लावा, नाहीतर कागदाला सुरकुत्या पडतात. चिकटवण्याआधी सावल्या बघा. एका वाड्यावर ऊन डावीकडून, शेजारच्यावर उजवीकडून आलं, की नजर अडखळते. तिला अडखळवायचंच असेल, तर खुशाल चिकटवा.