वनस्पतींची रोगस्मृती

इ. स. १९२८ साली अमेरिकेतील विंगार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोपांविषयी एक चमत्कारिक गोष्ट नमूद करून ठेविली. विषाणूने ग्रासलेल्या रोपाच्या खालच्या पानांवर करपट वलये उमटली. परंतु त्याच रोपास पुढे फुटलेली पाने निर्मळ निघाली. इतकेच नव्हे, तर त्या पानांस तोच विषाणू पुन्हा चोळला असता रोग जडेना. माणसास गोवर येऊन गेला म्हणजे तो सहसा पुन्हा येत नाही. पण ते श्रेय रक्तातील रक्षकांचे. वनस्पतीस रक्तही नाही व तसले रक्षकही नाहीत. मग ही आठवण तिने ठेविली कोठे?

उत्तराचा धागा हाती येण्यास सत्तर वर्षे लागली. १९९९ साली इंग्लंडातील नॉरिच येथे हॅमिल्टन व बॉलकूम यांस विषाणूग्रस्त रोपांत आरएनएचे अत्यंत आखूड तुकडे आढळले. प्रथिन घडविण्याचा निरोप या तुकड्यांत नसतो. त्यांचे काम निराळेच आहे. वनस्पतींचे बहुतेक विषाणू आरएनएचे असून त्यांची वाढ होताना दुपदरी आरएनए तयार होतो. पेशीतील डायसर नावाची कात्री त्याचे एकवीस-बावीस घटकांचे तुकडे करते. आर्गोनॉट हे प्रथिन त्यांतील एक तुकडा जवळ बाळगते आणि फरारी इसमाचे वर्णन हाती घेतलेल्या शिपायाप्रमाणे त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए हुडकून छाटून टाकते. ही सूचना कोवळ्या पानांपर्यंतही पोचते. विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. हे तुकडे बळकावून निकामी करणारी प्रथिने त्यांतील कित्येकांपाशी असतात.

या ज्ञानाचे मोल हवाई बेटांतील पपईच्या बागाइतदारांस विशेष ठाऊक आहे. तेथील पुना विभागात १९९२ साली वलयी रोगाचा विषाणू शिरला व बागा उजाड होऊ लागल्या. डेनिस गोन्साल्विस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या कवचाचे जनुक पपईत घातले होते. त्यापासून सिद्ध झालेली ‘रेनबो’ जात १९९८ साली लागवडीस मिळाली आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. कवचाचे प्रथिन झाडास राखील, अशी प्रारंभी कल्पना होती. खरे रक्षण आरएनएकडून होते, हे मागाहून उमगले.

मात्र परदेशांतील त्याच विषाणूच्या काही निराळ्या वाणांपुढे ‘रेनबो’ टिकली नाही. कारण वर्णन पुरते जुळले नाही. महाराष्ट्रातील पपईसही हाच रोग छळतो. तेव्हा हा उपाय येथे योजावयाचा झाल्यास हवाईचे बियाणे आणून भागणार नाही. प्रथम येथील विषाणूचीच ओळख नीट पटवून घ्यावी लागेल.