अंग तापवणारा निरोप

मायबाप हो, निवडणूक आली की फोनवर निरोप येतो, ‘अजून झोपलाच आहात? आपली लेकरं धोक्यात! खरे असाल तर दहा जणांना पाठवा.’ यात भीती आहे, शरम आहे, घाई आहे. पण कुणी पाहिलं, कुठल्या गावात, कधी? काही नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी ते. बहुतेक आपल्या पंढरीशेजारच्या मंगळवेढ्याकडचे. ती अफवा राजकारणाची नव्हती, पण भीती तीच, लेकरांची.

माउली, अंग तापलं की फोन खाली ठेवा. पाठवणाऱ्याला विचारा, ‘तुम्ही पाहिलंत का?’ मीही मागं एक निरोप पुढं ढकलला होता. मला कुणीच विचारलं नाही.