टॅब घ्यायच्या आधी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांनी मागणी केल्यामुळे बोलले तसे छापत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, वीस मिनिटं बोला आणि सोपं बोला. सोपं बोलेन. वीस मिनिटांचं काही खरं नाही, शाळेत एकतीस वर्षं बोलायचीच सवय.

आजच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे, गावच्या शाळेला टॅब घेऊन द्यायचे. तीन ग्रामसंघांनी तसे ठराव पाठवलेत. तुमच्या कष्टाचे पैसे आहेत. पापड लाटून, शेळ्या राखून, महिन्याच्या महिन्याला बचत भरून साठलेले. दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहेच, त्यामुळं ठराव आला याचा मला आनंदच आहे. पण हात वर करायच्या आधी माझी एक फजिती ऐकून घ्या.

सात-आठ वर्षांपूर्वी सगळीकडं डिजिटल शाळेचं वारं होतं. माझ्या शाळेत तेव्हा अठ्ठेचाळीस पोरं आणि आम्ही दोन शिक्षक. शेजारच्या गावात प्रोजेक्टर आला, मग आमच्या गावाला का नको? मी स्वतः दारोदार लोकवर्गणी मागितली. बचत गटांनी प्रत्येकी पाचशे दिले. बासष्ट हजार जमले. प्रोजेक्टर आला, पडदा आला, सगळ्या इयत्तांचा अभ्यासक्रम भरलेलं सॉफ्टवेअर आलं. फीत कापली, पेढे वाटले, फोटो छापून आला.

चौदा महिने चाललं. चाललं म्हणजे काय, दुपारी वीज असेल तेव्हा. बॅटरीचा खर्च आम्ही धरलाच नव्हता. सॉफ्टवेअरचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं हे दुसऱ्या वर्षी कळलं. मग प्रोजेक्टरचा दिवा गेला. त्याची किंमत ऐकून आम्ही तो कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. वायर उंदरांनी खाल्ली.

एक दिवस बाजारात गटातली एक आक्का भेटली. म्हणाली, "बाई, आमचे पाचशे कुठं गेले हो?" रागानं नाही, साधं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही ते पाचशे माझ्या डोक्यावर आहेत असं वाटतं.

आता वाईट कशाचं वाटतं सांगू? वस्तू बिघडली त्याचं नाही. वस्तू चालू होती त्या चौदा महिन्यांतसुद्धा पोरं फारसं नवीन शिकली नव्हती. पडद्यावर चित्र हललं की वर्ग चिडीचूप. मला वाटायचं, किती छान शिकताहेत! ती नुसती बघत होती.

हे मला कळलं एका वजाबाकीवरून. तिसरी-चौथीची एकोणीस मुलं होती. फळ्यावर लिहिलं, ५२ वजा २७. अकरा जणांनी उत्तर काढलं ३५. तुमच्या घरी पोरांना घालून बघा हे गणित, बऱ्याच घरी ३५ येईल. का येतं? दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरगं उलटं करतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याच्या हिशेबानं बरोबरच आहे! हातच्याचा व्हिडिओ मी त्यांना तीनदा दाखवला होता. व्हिडिओला काय माहीत, समोरच्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते?

मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, रबर लावून. बावन्न काड्या म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सत्तावीस दे म्हटलं. सुट्या दोनच आहेत, मग पोरगं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. ते रबर सुटलं की हातचा समजला. खर्च शून्य.

मग तुम्ही म्हणाल, बाई टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. पुढचं ऐका.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता असल्या की प्रत्येक पोराचं बोलणं ऐकायला वेळच मिळत नाही. तेव्हा गावातून तीन जुने फोन मागून घेतले, सिमकार्ड नसलेले. काचेला तडे गेलेले. पोरांना सांगितलं, गणित सोडवताना तोंडानं बोलत सोडवायचं आणि रेकॉर्ड करायचं. संध्याकाळी स्वयंपाक करता करता मी ते ऐकायची. कोण कुठं अडकतंय ते भाकरी थापता थापता कळायचं. दुसऱ्या दिवशी त्या चौघांनाच काड्या घेऊन बसवायचं, बाकीचे पुढं. माझ्या नोकरीतलं यंत्राचं सगळ्यात उपयोगी काम हेच. कारण काम आधी ठरलं होतं, फोन नंतर आला. प्रोजेक्टरच्या वेळी उलटं झालं होतं.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी तुम्ही ऐकलं असेल. माढा तालुका. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आपल्याला पुस्तकातला क्यूआर कोड लक्षात राहतो. पण सुरुवात कोडनं झाली नव्हती. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कानडी, आणि पुस्तक त्या भाषेत नाही. आधी गुरुजी ती भाषा शिकले, पुस्तक मुलांच्या भाषेत आणलं, आणि मग कविता, गोष्टी, धडे ऐकता-बघता यावेत म्हणून पुस्तकात कोड घातले. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. अडचण भाषेची होती, उपाय भाषेचा होता. कोड म्हणजे त्या उपायाला लावलेलं चाक.

ते कोड तुमच्या पोरांच्या बालभारतीच्या पुस्तकात असतील. किती जणींनी उघडून बघितलेत? हात वर करा. ...चार. बरं. फोनमध्ये दीक्षा नावाचं ॲप घ्यायचं, फुकट आहे, त्यातून कोड स्कॅन करायचा, धडा उघडतो. रेंज असेल तिथं उतरवून ठेवला की घरी नेटशिवाय चालतो. बालभारतीची पुस्तकंही फोनवर फुकट मिळतात.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मागच्या वर्षी आपल्याच भागात एक माणूस फिरत होता. कंपनीचं नाव घेत नाही. घरात यायचा, पोराची परीक्षा घ्यायचा, आईच्या देखत म्हणायचा, "पोरगं खूप मागं आहे ताई, आत्ता केलं नाही तर उशीर होईल." आईच्या काळजाला हात घातला की सही मिळते. टॅब आणि कोर्स, बेचाळीस हजार, हप्त्यानं. माझ्या माहितीतल्या दोघींनी पहिले हप्ते भरायला गटातून अंतर्गत कर्ज उचललं, दोन रुपये शेकड्यानं. एकीच्या मुलीनं तो टॅब महिनाभर वापरला. हप्ते अजून चालू आहेत. ज्या सहीच्या कागदाला कर्ज समजायला हवं होतं, त्याला ती "फी" समजली होती. त्या माणसानं तसंच सांगितलं होतं.

तर गटानं एवढं करावं. शिक्षणाच्या नावाखाली वस्तू किंवा कोर्ससाठी कर्ज मागितलं तर बैठकीत तो कागद सगळ्यांपुढं वाचावा. हप्ता कोणाला जातो, कंपनीला की बँकेला? परत करायची मुदत किती दिवस? आणि फसवणूक झालीच असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. लाज वाटून घेऊ नका, सही मीसुद्धा केली असती.

आता सातव्या विषयाकडं येते.

शाळेत काय यावं हे ठरवायचा अधिकार कोणाचा? आपल्याला वाटतं, गुरुजींचा, साहेबांचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या समितीत आहेत. आहेत म्हणजे सहीला आहेत. वही घरी येते, आपण चुलीपुढून उठून सही करतो. मी शिक्षिका होते तेव्हा मीच वही घरोघर पाठवायची, म्हणून खात्रीनं सांगते.

टॅबचा ठराव आधी त्या समितीत जाऊ द्या. तिथं गुरुजींना, बाईंना विचारा: आमच्या पोरांचं कुठं अडतंय? वाचनात, की वजाबाकीत, की बोलीभाषेत? तिथं हा टॅब नेमका काय करणार? मंगळवारी तिसऱ्या तासाला कोणत्या चार पोरांच्या हातात असेल? असं बारीक विचारलं की शिक्षकाला राग येत नाही. चांगल्या शिक्षकाला तर आधार वाटतो. मला कोणी विचारलं असतं तर बासष्ट हजार वाचले असते.

पैशाचंही विचारा. वस्तूची किंमत एकदाच, पण वीज, दुरुस्ती, नेट, बॅटरी हे दरवर्षी. दहा टॅब घेण्याऐवजी चार घ्या आणि उरलेले पैसे दुरुस्तीसाठी शाळेच्या नावानं वेगळे ठेवा, असं माझं मत आहे. कपाटाची किल्ली कोणाकडं हेही लिहून घ्या. शिक्षकाची बदली झाली की किल्ली आणि पासवर्ड दोन्ही जातात, हे सगळ्यांना अनुभवानं माहीत आहे.

आणि घरचं काय? फोन पोराच्या हातात दिला की अभ्यास थोडा आणि रील जास्त. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मोठ्यांनीही बंद ठेवायचा, मालिका असली तरी. (हसू नका, अवघड तेच आहे.) यात यंत्र एकच, भोंगा. बाकी सगळं गावानं ठरवलेलं.

आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, आपण काय अभ्यास घेणार, असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी इथं आहेत. २०२२ च्या 'पहिले पाऊल' अभियानात माता पालक गट झाले, आठवतंय ना? फोनवर आठवड्याला छोटा व्हिडिओ यायचा, डाळ-तांदूळ वेगळे करा, पायऱ्या मोजा, भाज्यांचे रंग सांगा. त्यात आईला वाचता यायची गरज नव्हती. घरातल्याच वस्तू, घरातलंच बोलणं. ते काम ज्यांनी आखलं त्यांनी आईला डोळ्यांपुढं ठेवून आखलं.

आणखी एक गोष्ट सांगते. सातवीच्या मुलांना सरळव्याज शिकवताना मी गटाच्या हिशेबाच्या वहीसारखी वही करून घ्यायची. नावं खोटी, आकडे खऱ्यासारखे. पोरं फोनवरच्या तक्त्यात ते मांडायची. एका पोरीनं घरी जाऊन आईच्या गटाच्या परतफेडीतली चूक काढली. चूक वीस रुपयांची होती, पण पुढच्या बैठकीला सचिवताई वही घेऊन शाळेत आल्या. पोरांनी नुसतं बघायचं की काही करायचं, यातला फरक मला तिथं दिसला.

त्या तीन जुन्या फोनांवर आम्ही वाचनही रेकॉर्ड करायचो. जूनमध्ये एकदा, डिसेंबरमध्ये एकदा, तोच उतारा. एका मुलीची आई ऊसतोडीला जाणारी, शाळेत कधी बसलेली नाही. प्रगतिपुस्तक दिलं तर अंगठा लावून परत करायची. त्या वर्षी कारखान्यावरून दोन दिवसांसाठी आली होती. मी तिला दोन्ही आवाज ऐकवले. जूनचा, अडखळत, एकेक अक्षर. मग डिसेंबरचा. ती म्हणाली, "पुन्हा लावा." चार वेळा लावला.

त्या मुलीच्या आणि आईच्या परवानगीनं ते दोन्ही आवाज आज फोनमध्ये घेऊन आलेय. चहाच्या वेळी ज्यांना ऐकायचेत त्यांनी माझ्याकडं या. सातवा विषय त्यानंतर घ्यावा, अशी अध्यक्षताईंना विनंती आहे.