पावणेसहा म्हणजे किती?

श्रोतेहो, किती वाजले हे सांगायला आपण कधी शिकलो, ते तुम्हांला आठवते का? मला तर आठवत नाही. म्हणूनच ते दुसऱ्याला शिकवायची पाळी आली तेव्हा माझी फजिती झाली.

मुलुंडला आमच्या घराजवळ संध्याकाळी मराठीचा एक लहानसा वर्ग भरतो. मी कॉलेजात शिकवतो, एवढ्यावरून शेजाऱ्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. वर्गात घाटकोपरचे एक गुजराती दुकानदार येतात, आणि केरळातून आलेल्या, इस्पितळात काम करणाऱ्या एक सिस्टर येतात. एके दिवशी मी फळ्यावर 'पावणेसहा' लिहिले आणि म्हटले, आकड्यांत लिहा. दुकानदारांनी पटकन ५.४५ लिहिले. त्यांच्या गुजरातीत 'पोणा छ' आहेच! सिस्टरनी मात्र लिहिले ६.४५.

मी चूक म्हणणार, तोच थांबलो. मल्याळममध्ये पावणेसहाला 'अंचे मुक्काल' म्हणतात, म्हणजे पाचावर पाऊण. त्यांनी 'सहा' ऐकले, 'पाऊण' ऐकले, आणि आपल्या घरच्या रीतीने बेरीज केली. हिशेब चोख होता. फरक एवढाच, की त्या होऊन गेलेला तास धरतात आणि आपण यायचा तास धरून त्यातून पाव वजा करतो. बरे, आपणही नेहमी तसे करतो का? सव्वापाच, साडेपाच म्हणताना आपणही मागचाच तास धरतो. पावण्यालाच तेवढी पुढे उडी! त्यातून 'साडेएक' म्हणायचे नाही, दीड म्हणायचे. 'साडेदोन' नाही, अडीच. दीड 'वाजला', पण पावणेदोन 'वाजले'. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली की नुसता 'पाऊण वाजला'. शिकणाऱ्याने करावे तरी काय?

पण खरी अडचण याच्या पुढची आहे. सिस्टरनीच ती मला दाखवली.

शहापूरकडच्या एक बाई तापाने फणफणलेले पोर घेऊन त्यांच्याकडे आल्या होत्या. गावात तापाची गोळी दिली होती. ती केव्हा दिली हे कळल्याशिवाय पुढची देता येईना. बाई म्हणाल्या, "परवा तिन्हीसांजेला अंग तापलं. काल निजानीज झाल्यावर गोळी दिली, मग पुन्हा कोंबड्याला." सिस्टरच्या हातातल्या कागदावर तर रकाने तासांचे! शिवाय 'परवा' हा शब्द पुढचाही आणि मागचाही. त्यांच्या भाषेत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे 'तापलं' की 'तापेल' हे क्रियापद येईपर्यंत वाट पाहावी लागते. "किती वाजता?" असे विचारले तर बाई म्हणाल्या, "घड्याळ कुणी बघितलं?" मग सिस्टरना सुचले. त्यांनी विचारले, "मुक्कामाची एस्‌टी आली होती का तेव्हा?" बाईंचा चेहरा उजळला. "तीच आली, माणसं उतरली, अन्‌ मग गोळी दिली." गाडी नऊच्या सुमारास येते, हे बरोबरच्या दिरांना ठाऊक होते. कोंबड्याची वेळही तशीच विचारून काढली, आणि कागदावर दोन आकडे पडले.

बाईंना वेळ सांगता येत नव्हती असे कुणी समजू नये. एका दिवसाचे आठ प्रहर, साठ घटका, घटका चोवीस मिनिटांची, हे आपले जुने माप. लग्नात पाण्यावर सोडायचे भोक पाडलेले घटिकापात्र तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. 'तास' हा शब्दसुद्धा आधी ठोके देण्याच्या काशाच्या थाळीचा. आणि घड्याळाचे तरी कुठे एकमत होते? प्रमाण वेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून होती.

दूर पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरची भाषाही मला या संदर्भात आठवते. तिथे तासाला 'होला' म्हणतात. हा शब्द इंग्रजीवरून घेतलेला, म्हणजे घड्याळाबरोबर आलेला पाहुणा. घरचे शब्द आहेत ते चंद्राचे. महिन्यातल्या तीस रात्रींना तीस नावे: पहिली 'हिलो', शेवटची 'मुकू'. सोमवार म्हणजे 'पोआकाही', त्यातला 'पो' म्हणजे रात्र. ती भाषा शिकणाऱ्याला नुसते घड्याळ पाठ करून भागायचे नाही. आपल्या तिथ्या ठाऊक असलेल्याला मात्र ते परके वाटू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता मी वर्गात पुठ्ठ्याचे घड्याळ शेवटी काढतो. आधी विचारतो, तांबडे फुटले तेव्हा तुमच्या घरी कोण उठले? दिवेलागणीला काय शिजत होते? त्या उत्तरांपुढे मग आकडे मांडतो. 'पावणे' शिकवताना भाकरी काढतो: सहावी भाकरी पुरी व्हायला पाव कमी. दुकानदार म्हणतात, भाकरीपेक्षा पावशेराचे माप बरे. तेही चालते.

आमचा वर्ग पावणेआठला सुटतो. परवा सिस्टर दाराशी थांबून म्हणाल्या, "सर, परवा मला रात्रपाळी आहे, येणार नाही." आणि लगेच बोट पुढे करून म्हणाल्या, "पुढचा परवा हं!"